परीक्षा दिली की घेतली? 'टेक' शिकवताना



घटक चाचणी नुकतीच झाली होती. सातवीच्या मुलांना मी सांगितलं, काल काय काय केलं त्यावर इंग्रजीत चार वाक्यं लिहा. एका मुलीनं लिहिलं, 'आय गेव्ह ॲन एक्झाम.' मी लाल पेननं 'गेव्ह' खोडलं आणि वर 'टुक' लिहिलं. ती वही घेऊन माझ्याकडे आली.

"सर, टेक म्हणजे घेणे ना? परीक्षा तर तुम्ही घेतली. मी दिली की!"

वर्ग हसला. मीही हसलो आणि "इंग्रजीत असंच असतं" म्हणून तिला जागेवर पाठवलं. त्यानंतर बरेच दिवस इंग्रजीच्या तासाला तिनं हात वर केला नाही.

तिचा प्रश्न बरोबर होता, चुकलं होतं ते माझं उत्तर.

मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतात. इंग्रजीत नेमकं उलटं, विद्यार्थ्यासाठी 'टेक' आणि शिक्षकासाठी 'गिव्ह'. आपल्या परभणीत घरी उर्दू किंवा हिंदी बोलणारी मुलंही 'इम्तिहान दिया' असंच म्हणतात. म्हणजे वर्गातली सगळी मुलं एकाच ठिकाणी अडखळतात. याला बावळटपणा कसं म्हणायचं? मूल आपल्या भाषेच्या नियमानं विचार करतंय, एवढंच.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी आपल्यापैकी बरेचजण क्रियापद अजून पाढ्यासारखंच शिकवतात. टेक-टुक-टेकन, टेक म्हणजे घेणे. पुढच्या वर्गात गाईडमधली वीस अर्थांची यादी पाठ करून घेतात. मीही हेच करत होतो. आता माझं स्पष्ट मत आहे की ही यादी बाजूला ठेवावी आणि आधी आपलं 'घेणे' उघडून दाखवावं.

मुलांना विचारा, घरी, शेतात, शाळेत 'घेणे' कुठे कुठे येतं? पाच मिनिटांत फळा भरतो. मग तीन रकाने पाडा.

पहिला रकाना जुळणाऱ्यांचा. हजेरी घेणे, सुट्टी घेणे, औषध घेणे, निर्णय घेणे, सल्ला घेणे, कर्ज घेणे, श्वास घेणे, काळजी घेणे. इथे 'टेक' सरळ बसतं. व्हॉट्सॲपवर 'टेक केअर' वाचणाऱ्या मुलाला यातलं एक आधीच येत असतं. काही न शिकवता एवढं येतं म्हटल्यावर मुलांची भीड चेपते.

दुसरा रकाना, इंग्रजीत 'टेक' पण मराठीत दुसरंच क्रियापद. आपण फोटो काढतो, आंघोळ करतो, परभणीहून जिंतूरला बसनं जातो आणि जायला तासभर लागतो. या चारही ठिकाणी इंग्रजीत 'टेक' चालतं. आता मराठीत कुणी म्हटलं, "मी जिंतूरला जायला बस घेतली," तर शेजारी विचारतील, "कितीला घेतली हो?" मुलं पोट धरून हसतात. या हसण्यात कुणाचा अपमान नाही, आणि फरक मात्र पक्का लक्षात राहतो.

तिसरा रकाना, मराठीत 'घेणे' पण तिथे 'टेक' चालत नाही. लग्नात उखाणा म्हणून नाव घेतात, मित्राची फिरकी घेतात. 'जेवून घे', 'समजून घे' यात तर हातात काही घ्यायचंच नसतं.

परीक्षेचं उदाहरण मी या रकान्यांच्या खाली, चौकटीत वेगळं लिहितो, कारण तिथे दिशाच उलटते. पण तिथेही एक आधार आहे. आपण 'परीक्षेला बसतो', दहावीच्या हॉल तिकिटावर बैठक क्रमांक असतो. इंग्लंडमध्येही परीक्षेसाठी 'सिट' वापरतात. म्हणजे दोन्ही भाषा इथे शेजारी शेजारी बसल्या!

मुलांना आणखी एक गोष्ट सांगाविशी वाटते. 'टेक' हा शब्द मुळात इंग्रजांचा नाहीच. हजारेक वर्षांपूर्वी उत्तरेकडून समुद्रमार्गे इंग्लंडात आलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतून तो आला आणि इंग्रजीतला 'घेणे'साठीचा जुना शब्द मागे पडला. आपणही हजेरी, कर्ज, सल्ला हे शब्द फारसीमार्फत अरबीतून घेतले. भाषा एकमेकींकडून घेतच असतात, त्यात कुणी लहान-मोठं नसतं.

काही शिक्षक म्हणतील, इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवलं पाहिजे. मुलांच्या कानावर भरपूर इंग्रजी पडायला हवं, त्यांनी बोलायला हवं, हे मलाही मान्य आहे. पण गाडी जिथे अडते तिथे मराठीचा हात द्यायला काय हरकत आहे? आणि वेळेचं म्हणाल, तर या सगळ्याला एक तास लागतो. वीस अर्थांची यादी आठवडा खाते आणि परीक्षा संपली की विसरली जाते.

पालकांनाही एक विनंती. "इंग्रजी सुधारायचं तर घरी मराठी बंद करा," असा सल्ला कुणी दिला तर तो मनावर घेऊ नका. आजीच्या तोंडून 'घेणे'चे पंचवीस उपयोग ऐकलेल्या मुलाला एका शब्दाला अनेक अर्थ असतात हे वेगळं शिकवावं लागत नाही. 'टेक'चा अर्धा धडा त्याचा घरीच झालेला असतो.

त्या मुलीचं वाक्य मी नंतर फळ्यावर लिहिलं आणि वर्गाला सांगितलं, हा प्रश्न हिनं विचारला होता आणि त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. ती काही बोलली नाही. पण रकाने भरताना 'नाव घेणे' हे उदाहरण तिनंच सांगितलं.

पुढच्या वेळी वहीत 'गेव्ह' दिसलं तर लाल पेन उघडण्याआधी एकदा विचारा, "बाळा, हे असं का लिहिलंस?"