उपशमाची घाई

शारीर वेदनेतून घडलेल्या संमिश्र माध्यमातील कलाकृतींविषयी लिहिताना समीक्षेला ‘उपशम’ या शब्दाचा फार आधार वाटू लागला आहे. कलावंताचे दुखणे, त्यातून झालेली निर्मिती आणि प्रेक्षकाला लाभणारा दिलासा, अशी तीन टप्प्यांची मांडणी झाली की विवेचन पूर्ण झाले असे मानले जाते. वस्तुतः या मांडणीत कलाकृतीचे वाचन सुरूच झालेले नसते.

रुमाना हुसेन (१९५२–१९९९) यांचे ‘अ स्पेस फॉर हीलिंग’ हे मांडणशिल्प या संदर्भात तपासण्यासारखे आहे. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर आणि मुंबईतील दंगलींनंतर ही मुंबईची कलावती चित्रफलकाकडून वस्तू, मांडणी आणि स्वतःच्या देहाची कृती यांकडे वळली; पुढे तिला कर्करोगाने गाठले. १९९९ साली ब्रिस्बेन येथे मांडल्या गेलेल्या या कलाकृतीत पीव्हीसीच्या नळ्या व कापड यांची स्ट्रेचर्स आहेत, भिंतींवर लिपीसारखी रचलेली लोखंडी अवजारे आहेत, सोनेरी रंग आहे, कुंकू आहे. रुग्णालय आणि प्रार्थनास्थळ यांची आठवण येथे एकाच वेळी जागी होते.

या कलाकृतीची दोन वाचने सुलभ आहेत. पहिले रूपकात्मक : जखमी देह म्हणजे जखमी राष्ट्र. ‘होम/नेशन’ (१९९६) सारखी कृती करणाऱ्या कलावतीच्या संदर्भात ते निराधार म्हणता येत नाही. तथापि मुख्यार्थाचा बाध झाल्याखेरीज लक्षणा प्रवृत्त होत नाही, हा साहित्यशास्त्राचा प्राथमिक नियम येथे विसरला जातो. स्ट्रेचरच्या वाच्यार्थाचा येथे कोणता बाध झाला आहे? ते आजारी माणसाला वाहून नेण्याचे साधन आहे आणि शेवटपर्यंत तेच राहते. राष्ट्राचा अर्थ येतो तो वाच्यार्थ कायम ठेवून, म्हणजे अभिधामूल ध्वनीच्या मार्गाने. रूपकवादी समीक्षा मात्र राष्ट्राकडे पोहोचताच देहाला वाटेत सोडून देते.

दुसरे वाचन उपचारात्मक. मर्ढेकरांच्या ‘समतोल’ या लयतत्त्वाचा त्यासाठी सोयीस्कर वापर होतो : रचनेत समतोल आहे, म्हणून वेदनेचे शमन झाले. हा मर्ढेकरांवरही अन्याय आहे. त्यांचा समतोल संवेदनांच्या संघटनेचा आहे, लौकिक भावनेच्या निचऱ्याचा नव्हे. एलेन स्कॅरी यांनी ‘द बॉडी इन पेन’ (१९८५) मध्ये शारीर वेदना भाषेला नुसता विरोध करीत नाही, तिचा नाशही करते, असे प्रतिपादन केले. त्यावरून वेदनेला रूप मिळणे म्हणजेच बरे होणे, असा निष्कर्ष काढणे हा तर्काचा दोष आहे. दुखणे सांगता येणे आणि दुखणे सरणे या भिन्न घटना आहेत.

सोमनाथ होर यांची १९७० च्या दशकातील ‘वूंड्स’ ही मालिका हाच भेद स्पष्ट करते. कागदाच्या लगद्यातून साच्यावर उठविलेल्या या शुभ्र ठशांमध्ये जखमेचे चित्र काढलेले नाही. कागदाचा पृष्ठभागच चिरलेला, उसवलेला आहे. जखम हा येथे विषय नसून माध्यमाचीच अवस्था आहे, आणि ती भरून येत असल्याची कोणतीही खूण कलाकृती देत नाही.

हा वाद केवळ परिभाषेचा नाही. उपशमात परिणत होणारी वेदनाच कलामूल्याला पात्र ठरणार असेल, तर असाध्य आजाराचा, न शमणाऱ्या कळांचा आविष्कार आपोआप अपुरा ठरतो. बरे न होणे हा रुग्णाचा आणि कलाकृतीचाही दोष बनतो. हुसेन यांच्या शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘बरे होण्यासाठी जागा’ इतकाच आहे. ती स्ट्रेचर्स रिकामी आहेत. त्यांवरचा देह बरा होऊन उठून गेला असे ठरविण्याचा अधिकार समीक्षेला कोणी दिलेला नाही.