नव्या व्हॉल्व्हचा लगाम

सदरमध्यें राहणाऱ्यास गिटारचा आवाज नवा नाहीं. नाताळ जवळ आला म्हणजे तो हटकून कानीं पडतो. परंतु तो आमच्याच माजघरांत शिरेल असें मला वाटलें नव्हतें. गेल्या वर्षीं आमच्या भाच्यानें व्हॉल्व्हचा एक जुना अँप्लिफायर विकत आणला. ट्रॅन्झिस्टरनें रेडिओंतून हद्दपार केलेले व्हॉल्व्ह गिटारवाल्यांनीं अद्याप सोडलेले नाहींत. जोरानें वाजवितांना त्यांतून निघणारा भरदार, किंचित् खरखरीत नाद त्यांना हवा असतो.

त्यांतील ‘ईएल ३४’ जातीचे दोन व्हॉल्व्ह थकले, म्हणून चिरंजीवांनीं नवी जोडी आणून बसविली. पंधरा मिनिटांत एकाची करडी प्लेट इंगळासारखी लाल झाली! मीं धांवत जाऊन बटण बंद केलें.

“मामा, नंबर तर तोच आहे!”

“अरे, एका इयत्तेंतील दोन मुलगे सारखे असतात काय?”

व्हॉल्व्हच्या पोटांत तापलेल्या कॅथोडपासून इलेक्ट्रॉन निघून प्लेटकडे धांवतात. वाटेंत बारीक तारेची जाळी असते. ती ली डि फॉरेस्ट ह्या अमेरिकन संशोधकानें १९०६ सालीं घातली. जाळीला ऋण दाब दिला म्हणजे ती इलेक्ट्रॉनांना मागें रेटते. गिटार मुकी असतांनाहि जाळीवर जो दाब कायम ठेवलेला असतो, त्याला कारागीर बायस म्हणतात. हा लगाम ढिला पडला तर प्रवाह अनावर होतो, व्हॉल्व्ह तर जातोच, पण ट्रान्स्फॉर्मरहि जळण्याचा संभव असतो. फार आंवळला तर दोन व्हॉल्व्ह आळीपाळीनें काम करितांना मधल्या सांध्यावर आवाज तुटतो, आणि हलक्या हातानें छेडलेले सूर कोरडे लागतात. आयुर्वेदानें हीनयोग व अतियोग हे दोन्ही रोगाचीं कारणें म्हणून सांगितले आहेत, तोच हा प्रकार.

नांवाची मात्र मौज आहे. ज्या रचनेंत हा दाब हातानें लावावा लागतो तिला म्हणे ‘फिक्स्ड’ बायस म्हणावयाचें! जींत व्हॉल्व्ह आपला आपण सांवरून घेतो, ती निराळी.

पेटी घरीं उघडण्याचा भाच्याचा हट्ट मीं चालूं दिला नाहीं. आंत चारशेंहून अधिक व्होल्ट खेळत असतात. बटण बंद केलें तरी कपॅसिटरांत भार टिकून राहतो, आणि तो प्राण घेण्यास पुरेसा असतो. आम्ही एका वृद्ध रेडिओ-दुरुस्तीवाल्याकडे गेलों. त्यानें प्रथम लाउडस्पीकर जोडला आहे ना हें पाहिलें, आवाज शून्यावर आणला, आणि डावा हात खिशांत घातला. दोन्ही हात आंत असले तर धक्का छातींतून जातो, म्हणून ही रीत.

प्रत्येक कॅथोडच्या वाटेंत त्यानें एक ओहमचा रोधक घातला. त्यावर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. त्यांत स्क्रीनचा थोडा प्रवाह मिसळलेला असतो, पण तो चुकीचा अंश सुरक्षिततेच्या बाजूचाच. पुढील गणित माझ्याकडे आलें. ‘ईएल ३४’ ची प्लेट २५ वॅट उष्णता सोसते. विश्रांतींत तिच्यावर ह्याच्या ६० ते ७० टक्के, म्हणजे १५ ते साडेसतरा वॅट भार ठेवण्याचा प्रघात आहे. प्लेटवर ४५० व्होल्ट असतां हा प्रवाह सुमारें ३३ ते ३९ मिलिअँपिअर होतो. लाल झालेल्या व्हॉल्व्हमध्यें तो ७० च्या वर होता! लगाम आंवळतांच प्लेटचे व्होल्टहि बदलतात, म्हणून यंत्र तापूं देऊन तीन वेळां मोजावें लागलें.

ह्या मर्यादांच्या आंत कोठें थांबावें, हें मात्र गणित सांगत नाहीं. तेथें भाच्यानें गिटार हातीं घेतली. ३४ वर त्याचें समाधान होईना; ३६ वर तो स्वतःशींच हंसला. वृद्धानें पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस पेन्सिलीनें तारीख, ३६ व ४४८ व्होल्ट लिहिले, आणि मजुरी म्हणून जें मागितलें तें व्हॉल्व्हच्या किंमतीच्या चौथाईहूनहि कमी होतें.