गोळी, वडी आणि काशीचे ऋतू

गृहोद्योगाच्या या पानासाठी येणाऱ्या पत्रांत बहुधा एखादी कृती विचारलेली असते. गेल्या महिन्यात वाराणसीच्या दुर्गाघाटाकडून आलेल्या पत्रात मात्र कृती विचारलेली नव्हती. "उद्योग चालू ठेवावा की बंद करावा?" एवढाच प्रश्न होता. पत्र लिहिणाऱ्या भगिनी व त्यांच्या जाऊबाई या दोघींनी हिवाळ्यात घरच्या घरी लिंबाच्या गोळ्या, शेंगदाण्याची चिक्की आणि साच्यातील चॉकलेटे करण्यास आरंभ केला. ओळखीच्या घरांतून मालाचे कौतुक झाले. त्या उत्साहाच्या भरात त्यांनी एक सोन्याची बांगडी गहाण ठेवून साचे, बरण्या व दोन महिन्यांचा कच्चा माल घेतला. मे महिन्यात चॉकलेटे दुकानातच पाझरली. जुलैत गोळ्या एकमेकींना चिकटून बरणीच्या तळाशी त्यांचा एकच गोळा झाला, आणि दुकानदाराने सारा माल परत पाठविला. "आमच्या हातालाच गुण नाही, असे आता घरातली माणसे म्हणू लागली आहेत," असे त्यांनी शेवटी लिहिले आहे.

हे वाक्य वाचून वाईट वाटले, कारण ते खरे नाही. ज्या हातांनी केलेला माल पौषात वाखाणला गेला, ते हात आषाढात बिघडत नाहीत. बिघडते ती हवा. साखरेच्या उद्योगात ऋतू हा एक न दिसणारा भागीदार असतो. त्याला विचारल्यावाचून माल केला, तर तो आपला वाटा पुरेपूर वसूल करतो. म्हणून प्रथम साखरेचा स्वभाव पाहू, मग काशीच्या वर्षाचे वेळापत्रक आखू, आणि शेवटी हिशेबाकडे वळू.

पाकाची पारख

एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे शब्द आपल्या आज्यांपासून चालत आले आहेत. त्यांच्यामागे एकच साधे तत्त्व आहे. पाणी १०० अंश सेंटिग्रेडला उकळते. साखरेच्या पाकातील पाणी जसजसे आटत जाते, तसतसे पाकाचे तापमान १०० च्या वर चढत जाते. ११५ अंशांच्या सुमारास गार पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी होते. हा पाक दुधाच्या मऊ वड्यांचा. १२५ अंशांच्या आसपास गोळी टणक होते. १५० अंशांपर्यंत पोचलेला पाक पाण्यात पडताच काचेसारखा तडकतो. या शेवटच्या पाकात पाण्याचा अंश शेकडा एक-दोन इतकाच उरतो, आणि चोखून खायची कडक गोळी त्याचीच करावयाची असते. ती दहा अंश अलीकडे उतरविली, तर त्या दिवशी फरक जाणवत नाही; पावसाळा लागला की जाणवतो. तेव्हा बोटांच्या अंदाजाच्या जोडीला एक चांगला तापमापक अवश्य घ्यावा. काशीत उकळत्या पाण्यात तो १०० अंशांच्या अगदी जवळ आकडा दाखवतो की नाही, हे अधूनमधून तपासून पाहावे.

दुसरी गोष्ट आंबटपणाची. पत्रलेखिकेने लिंबाचा रस पाक चढवितानाच घातला होता, आणि चव यावी म्हणून तो भरपूर घातला होता. थोडासा आंबट अंश पाकाला दाणेदार होऊ देत नाही, हे खरे. परंतु आंबट अधिक झाले आणि ते बराच वेळ उकळत राहिले, की साखरेचे विघटन होते व अशी साखर हवेतील ओल झपाट्याने शोषून घेते. गोळ्या चिकटण्याचे मोठे कारण हेच. दाणे पडू नयेत म्हणून दोन किलो साखरेला अर्धा किलोच्या आसपास लिक्विड ग्लुकोज घालावे, भांड्याच्या कडेला बसलेली साखर ओल्या कुंचल्याने पुसून घ्यावी, पाक उकळू लागल्यावर ढवळू नये, आणि चवीचे सायट्रिक ॲसिड पाक उतरवून थोडा निवल्यावर मळून मिसळावे.

एक सावधगिरीची सूचना येथेच देतो. १५० अंशांचा पाक अंगावर पडला तर तो उकळत्या पाण्यापेक्षा अधिक भाजतो, कारण तो चिकटून राहतो. पाक चढविलेला असताना लहान मुलांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नये आणि शेजारी थंड पाण्याची बादली भरून ठेवावी.

काच आणि स्फटिक

कडक गोळी ही साखरेची काच आहे. पावसाळी हवा तिला सोसत नाही. याउलट खडीसाखर, बत्तासा, इलायचीदाणा, गाठी हे पदार्थ म्हणजे स्फटिकरूप झालेली साखर. दमट हवेत तो माल तुलनेने पुष्कळच टिकतो. म्हणजे गोळीत जो दाणेदारपणा दोष ठरतो, तोच बत्ताशात गुण ठरतो. ज्या भगिनीला संक्रांतीचा काटेरी हलवा करता येतो, तिला या दुसऱ्या प्रकारची विद्या आधीच अवगत आहे. परातीत मंद आचेवर चमचा चमचा पाक सोडून दाणा वाढवायचा, हाच हात इलायचीदाण्याला लागतो. त्यात काटा आणावयाचा नसल्याने काम उलट सोपे आहे.

चॉकलेटाचे तर गणितच वेगळे. त्यातील कोको बटर ३४ अंशांच्या सुमारास वितळते. म्हणूनच ते जिभेवर विरते. काशीचा वैशाख-ज्येष्ठ ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा ते दुकानाच्या फळीवर विरले यात नवल ते काय! गडद चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून, ढवळत २७-२८ अंशांपर्यंत उतरवून, पुन्हा ३१-३२ अंशांवर आणून साच्यात ओतले म्हणजे ते चकचकीत निघते व मोडताना आवाज करते. हे न साधल्यास वर पांढुरकी बुरशीसारखी झाक येते. ती बुरशी नव्हे, वर आलेले स्निग्ध होय. वितळविताना पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेट घट्ट होऊन बसते.

सन २०२४ मध्ये जगाच्या बाजारात कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला होता. अशा वेळी कोको बटरऐवजी दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध घातलेला 'कंपाउंड' नावाचा स्वस्त माल वापरण्याचा मोह होतो. तो वापरण्यात गैर काही नाही आणि साच्यात ओतण्यासही तो सोपा आहे; मात्र तो शुद्ध चॉकलेट म्हणून विकू नये. वेष्टनावर जे आहे ते स्पष्ट लिहावे.

काशीचे वेळापत्रक

आता वर्षाची आखणी करू. दिवाळीत त्या प्रांती लक्ष्मीपूजनाला लाह्या, बत्तासे आणि साखरेची खेळणी लागतात. हत्ती, घोडे, मोर यांच्या साच्यांत पाक ओतून ही खेळणी करतात, आणि हलवा-बत्तासा करणाऱ्या हाताला ती परकी नाहीत. मार्गशीर्षापासून माघापर्यंत चॉकलेट व कडक गोळ्या कराव्या. वर्षातील याच दिवसांत हवा आपल्या बाजूची असते. संक्रांतीला तेथे 'खिचडी' म्हणतात, आणि त्या सणाला तीळ, लाही व गुळाचे पदार्थ घरोघर लागतात. आपली तिळाची वडी व हलवा शेजारच्या हिंदी भाषी घरांतही आवडीने खाल्ला जाईल. याच दिवसांत शेजारच्या प्रतापगढकडील आवळा बाजारात येतो. वाफविलेल्या आवळ्याच्या फोडी पाकात मुरवीत, दररोज पाक थोडा दाट करीत जाऊन मग सुकविल्या, म्हणजे आवळ्याची उत्तम कँडी होते. चैत्रात गुढीपाडव्याच्या गाठी ब्रह्माघाट-पंचगंगेकडील मराठी घरांना हव्याच असतात.

वैशाख-ज्येष्ठात चॉकलेट पूर्ण बंद ठेवावे. त्या कोरड्या उन्हाचा उपयोग करून इलायचीदाणा तयार करावा व हवाबंद डब्यांत भरून ठेवावा. कारण पुढे श्रावण येतो. काशीत श्रावणी सोमवारी विश्वनाथाच्या दर्शनाला लोटणारी गर्दी आणि प्रसादाची मागणी सांगावयास नको. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. उत्तरेकडील पंचांगाचा महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तेथील श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. महाराष्ट्रीय दिनदर्शिका पाहून माल काढणाऱ्याचा पहिला पंधरवडा हातचा जावयाचा.

कोकणातील भगिनींनी पावसाळा याहून लांब धरावा आणि नागपूरकरणींनी उन्हाळा काशीइतकाच कडक मानावा. तत्त्व एकच आहे.

रंगाचा मोह

सन २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूत गुलाबी रंगाच्या 'म्हातारीच्या केसां'वर बंदी आली, कारण त्यात ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगविण्याचा रंग सापडला होता. तो विकणारे फेरीवाले बहुधा विषारी माणसे नव्हती. पुडीवर काय लिहिले आहे हे त्यांनी पाहिले नव्हते, इतकेच. सुट्या पुडीतील रंग कधीही घेऊ नये. खाद्य रंग घेतलाच तर मुद्रांकित डब्यातील घ्यावा आणि तोलून घालावा. कृत्रिम रंगाची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलो मालाला अवघा एक ग्रॅम आहे. गूळही पिवळाधमक पाहून न घेता गडद घ्यावा. फिकेपणा पुष्कळदा हायड्रोससारख्या रसायनाने आणलेला असतो. या बाबतीत काशीचाच दाखला पुरेसा आहे. स्वातंत्र्याच्या चळवळीशी नाते सांगणारी तेथील तिरंगी बर्फी केशर, पिस्ता आणि खवा-काजू यांच्या अंगच्या रंगांनी तिरंगी होते. सन २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले.

स्वतःची मजुरी

पत्रासोबत पाठविलेला हिशेब वाचून मला कळून चुकले की बांगडी केवळ पावसाने नेलेली नाही. उदाहरणादाखल सोपे आकडे घेऊ. दहा किलो चिक्कीला भाजून सोललेले शेंगदाणे ६ किलो, १४० रुपये भावाने ८४० रुपये. गूळ साडेचार किलो, ६० रुपये भावाने २७० रुपये. इंधन ९० आणि वेष्टने २०० रुपये. एकूण १,४०० रुपये, म्हणजे किलोला १४० रुपये. दुकानदाराला ती २०० रुपयांना दिली की किलोमागे ६० रुपये सुटले असे वाटते. परंतु दोघींच्या दिवसभराच्या श्रमाचे ८०० रुपये यात कोठे आहेत? ते धरले की खर्च २,२०० रुपये होतो. त्यात अर्धा किलो तुकडा-चुरा वजा जातो. उरलेल्या साडेनऊ किलोंना वाटला, तर किलोचा खर्च सुमारे २३२ रुपये पडतो. म्हणजे प्रत्येक किलोमागे ३२ रुपये त्या दोघी आपल्या पदरचे घालीत होत्या. घरातल्या स्त्रीच्या वेळेला मोल नाही, ही समजूत प्रथम आपल्याच वहीतून खोडली पाहिजे.

उधारीविषयीही तितकेच कडक असावे. मागील मालाचे पैसे आल्यावाचून पुढील माल देऊ नये. मुंबईत गिरगावात १९५९ मध्ये सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, त्यातून लिज्जतचा व्याप उभा राहिला. आरंभी त्यांनी एकच पदार्थ केला आणि त्याची प्रत सांभाळली. त्यांनी दान घेतले नाही. आपल्या चार पदार्थांपैकी कोणता एक आपला, हे प्रत्येकीने याच रीतीने ठरवावे.

कायद्याची बाजू अवघड नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये घरगुती उद्योगालाही नोंदणी लागते. तो चौदा आकडी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची व टिकण्याची तारीख, किंमत आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह वेष्टनावर असावे. शेंगदाणे व दूध यांचा उल्लेख ठळक करावा. काही मुलांना ते सोसत नाहीत. 'उद्यम' नोंदणी निःशुल्क आहे. सूक्ष्म खाद्य उद्योगांसाठी केंद्र शासनाने २०२० मध्ये आरंभिलेल्या योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत, परंतु १० लाख रुपयांच्या मर्यादेत, कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद करण्यात आली होती. सध्या कोणत्या योजनेचे अर्ज घेतले जात आहेत, याची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी. मात्र अनुदानाच्या आशेवर नवी भांडी घेऊ नयेत.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. ताई, उद्योग बंद करू नका. मात्र या दिवाळीपर्यंत नवे भांडवल एक पैही घालू नका. साचे आहेत, परात आहे, हात आहेत. बत्तासे व साखरेची खेळणी यांपासून पुन्हा आरंभ करा, रोजच्या वहीत दोघींची मजुरी लिहा, आणि जे शिल्लक राहील त्यातून प्रथम बांगडी सोडवून आणा. ती जाऊबाईंच्या हाती परत आली, म्हणजे घरातल्या माणसांना वेगळे उत्तर देण्याची गरज उरणार नाही.