किताबाचा मान आणि खुराकाचा हिशेब

जानेवारी २०२५ मध्ये वर्धा जिल्ह्यातील देवळी येथे महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. अहिल्यानगर जिल्ह्याच्या भाग्यश्री फंड हिने कोल्हापूरच्या अमृता पुजारी हिला पराभूत करून किताब पटकावला. टाळ्या झाल्या, फेटे बांधले गेले, छायाचित्रे छापून आली. या सोहळ्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ मध्ये सुरू झाली. महिलांसाठी ती पहिल्यांदा भरली २०२३ मध्ये, सांगलीत. बासष्ट वर्षांचे हे अंतर ओलांडून कुस्तीचा मान आपल्या जिल्ह्याच्या दारी आला, ही समाधानाचीच बाब होय. परंतु गुलाल धुतला गेल्यावर त्या मुलींच्या पोटापाण्याचे काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला दिसत नाही.

स्त्रीने कुस्ती खेळावी की नाही, हा वाद आता निकालात निघाला आहे. २००४ पासून महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आहे आणि २०१६ मध्ये साक्षी मलिकने भारताला त्यातले पहिले पदक मिळवून दिले. खरा प्रश्न उपजीविकेचा आहे, आणि तो आजचा नाही. पूर्वी देशभर गाजलेल्या हमीदा बानू या महिला मल्लाचे उदाहरण घ्या. १९५४ मध्ये बडोद्याला तिने बाबा पहिलवान या पुरुष मल्लाला अवघ्या १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. कोल्हापुरात पुरुषाला हरविल्यावर तिच्यावर दगडफेक झाल्याचे, आणि पुण्यातील तिची कुस्ती स्थानिक संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाल्याचे सांगितले जाते. तिच्या नावावर तिकिटे खपली, वृत्तपत्रांचे रकाने भरले. पण उत्तरायुष्यात तिला कल्याण येथे दूध आणि खाद्यपदार्थ विकून गुजराण करावी लागली. १९८६ मध्ये तिचे निधन झाले. पहिल्या महिला महाराष्ट्र केसरीत प्रतीक्षा बागडीविरुद्ध अंतिम फेरीत उतरलेली वैष्णवी पाटील त्याच कल्याणची, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

प्रेक्षक मिळाले की खेळाडूचे भले होतेच, असे मानणाऱ्यांनी जपानकडे पाहावे. तेथे १९६८ मध्ये केवळ महिलांच्या व्यावसायिक कुस्तीची एक मोठी कंपनी निघाली. तिच्या लढतींचा निकाल आधीच ठरलेला असे. तरी त्यासाठी लागणारे कष्ट आणि होणाऱ्या दुखापती खऱ्याच होत्या. १९८०च्या दशकात चिगुसा नागायो आणि लायनेस असुका या जोडीने शाळकरी मुलींना अक्षरशः वेड लावले. दूरचित्रवाणीवर लढती दिसत आणि सभागृहे भरून जात. पण याच कंपनीत पंचविशी-सव्विशी गाठली की निवृत्त व्हायचे, असा दंडक होता. म्हणजे उमेदीची वर्षे कंपनीची आणि पुढचे सारे आयुष्य ज्याचे त्याने पाहावे! पुढे २००५ मध्ये ती कंपनीही बंद पडली. उलट त्याच जपानमध्ये ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके जिंकणारी साओरी योशिदा आणि चार जिंकणारी काओरी इचो या दोघींना एका सुरक्षा कंपनीने नोकरीत सामावून घेतले होते. एका व्यवस्थेत मल्ल हा विकाऊ माल होता. दुसरीत तो पगारी माणूस होता. फरक आहे तो इथे.

आता आपल्या घरचा हिशेब मांडू. कापूस-सोयाबीनच्या भावावर ज्याचा संसार चालतो, अशा शेतकऱ्याची बारा वर्षांची मुलगी कुस्ती खेळू म्हणते. तिला रोज दूध, तूप, बदाम, अंडी हवीत. मॅट हवी, शिकवणारा हवा, तालुक्याच्या गावी जाण्यायेण्याचे भाडे हवे. हा खर्च एका वर्षाचा नव्हे, निदान आठ-दहा वर्षांचा असतो. शिवाय तेवढ्या काळात तिने अभ्यासात किंवा मजुरीत जे मिळविले असते, त्यावरही पाणी सोडावे लागते. अर्थशास्त्रात याला संधित्यागाचा खर्च म्हणतात. बाप त्याला 'परवडत नाही' म्हणतो. दोघांचा अर्थ एकच. मुलाच्या बाबतीत हा बाप कदाचित कर्जही काढील, कारण विजय चौधरी, राहुल आवारे यांच्यासारखे मल्ल पोलीस उपअधीक्षक झाल्याचे त्याने ऐकलेले असते. मुलीच्या बाबतीत तसे उदाहरण त्याच्या डोळ्यांसमोर नाही. दोष बापाच्या मायेचा नाही, दिसणाऱ्या परताव्याचा आहे.

म्हणून मागण्या थोड्या पण निश्चित असाव्यात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी महिला किताबाचे मोल पुरुषांच्या किताबाइतकेच धरले जावे. राज्यातील कुस्तीचा कारभार दोन संघटनांत वाटला गेला आहे. त्यांच्या भांडणात कोणाचे प्रमाणपत्र ग्राह्य, या पेचात मुलींना अडकवू नये. स्पर्धेवर होणाऱ्या खर्चाचा एक भाग होतकरू मुलींच्या मासिक खुराकासाठी राखून ठेवावा. आणि प्रत्येक तालुक्यात मुलींसाठी मॅटची एक जागा आणि एक स्त्री प्रशिक्षक असावी. दिल्लीत २०२३ मध्ये महिला मल्लांना न्यायासाठी रस्त्यावर बसावे लागले, हे पाहिल्यावर ही शेवटची मागणी चैनीची आहे असे कोण म्हणेल?

याच वर्ध्यात १९३६ मध्ये लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती स्थापून मुलींच्या शारीरिक शिक्षणाला आपल्या कार्यात स्थान दिले. जवळच सेवाग्रामला गांधीजी स्त्रियांना निर्भय व्हा म्हणून सांगत होते. मार्ग भिन्न असतील, पण स्त्रीच्या बळाची लाज बाळगू नये, हा धडा या मातीला नवा नाही. नवा आहे तो पुढचा धडा: त्या बळावर तिला सन्मानाने जगताही आले पाहिजे. देवळीच्या आखाड्याने मान दिला. आता भाकरीची सोय लावणे हे शासनाचे, संघटनांचे आणि टाळ्या वाजवणाऱ्या आपल्या सर्वांचे काम आहे.