खाजनाचा बांध आणि 'शाश्वत विकास'

'शाश्वत विकास' हा शब्दप्रयोग अलीकडे इतका स्वस्त झाला आहे की, हॉटेलातील टॉवेल रोज धुवायला टाकू नयेत अशी विनंती करणाऱ्या चिठ्ठीवरही तो आढळतो. १९८७ साली नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने आपला अहवाल प्रसिद्ध केला, त्या वेळी या शब्दाला एक नेमका अर्थ होता. आजच्या पिढीने आपल्या गरजा अशा रीतीने भागवाव्यात की, पुढच्या पिढ्यांना आपल्या गरजा भागविण्याचे सामर्थ्य उरावे, असा त्याचा आशय. तेव्हापासून या विषयावर प्रबंधांमागून प्रबंध लिहिले गेले. अर्थशास्त्रज्ञाने पैशाचा हिशेब मांडला, अभियंत्याने यंत्राचा, आणि पर्यटनाच्या अभ्यासकाने पाहुण्यांचा. या साऱ्या विद्वत्तेतून आपल्या गावाच्या पदरात काय पडते, आणि काय पडायला हवे, हा प्रश्न मात्र आपण शाळेच्या माणसांनी विचारला पाहिजे.

गोमंतकात या शब्दाचा अर्थ शोधायला फार लांब जावे लागत नाही. मांडवी, झुवारी आणि त्यांच्या भावंड नद्यांच्या मुखाकडील भागात सुमारे अठरा हजार हेक्टर खाजन जमीन आहे. राज्याचे एकंदर क्षेत्र ३,७०२ चौरस किलोमीटर. म्हणजे जवळजवळ विसातला एक हिस्सा खाजनाचा झाला. आपल्यापैकी कित्येकांची घरे तिच्या काठावर आहेत. तरीही खाजन म्हणजे काय, हे धडपणे सांगू शकतील असे विद्यार्थी वर्गात थोडेच निघतात. म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो.

खाजन ही समुद्राकडून उसनी घेतलेली जमीन होय. तिची पातळी भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असते. नदीच्या कडेने चिखल, पेंढा आणि चिरे यांचा बांध घालून पूर्वजांनी खारे पाणी बाहेर ठेवले, आणि बांधात ठिकठिकाणी मानस बसविली. मानशीची रचना पाहण्यासारखी आहे. तिची लाकडी दारे वरच्या कडेला अडकविलेली असतात. भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले की ती आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने बाहेरच्या बाजूस उघडतात आणि शेतातले पाणी नदीत जाते. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. हे दार चंद्राच्या आज्ञेने चालते म्हटले तरी चालेल. त्याला वीज लागत नाही, तेल लागत नाही. पावसाळ्यात गोड पाणी जमिनीतला खार धुऊन नेते आणि कोरगूट, आसगो यांसारखी खार सोसणारी भाते पिकतात. पीक निघाल्यावर आतल्या पोयीत पाणी घेऊन मासळी धरावी. काही ठिकाणी उन्हाळ्यात मिठागरे पिकवावीत. एकाच जमिनीतून भात, मासळी आणि मीठ! आणि हे सगळे बाहेरच्या बांधाच्या भरवशावर. खेकड्याने पोखरलेले एक बीळ वेळीच बुजविले नाही, तर एखाद्या पौर्णिमेच्या उधाणात तिथून पाणी वाट काढते.

तेव्हा बांधावर वर्षानुवर्षे माती कोण टाकीत होते? हे काम गावकरीचे. गावाची जमीन सामाईक. ती लिलावाने कसायला द्यायची. उत्पन्नातून बांध, मानशी, रस्ते आणि देवस्थान यांचा खर्च भागवायचा. उरेल ते गावकरांत जोण म्हणून वाटायचे, असा हा कारभार होता. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून चालत आलेल्या या रूढी १५२६ च्या फोरालमध्ये लेखनिविष्ट झाल्या, आणि पुढे त्याच संस्थांना 'कोमुनिदाद' हे नाव मिळाले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, बांधाचा खर्च आधी आणि वाटणी मागाहून. आजच्या कित्येक योजनांत हा क्रम उलटा असतो.

या ठिकाणी विद्यापीठातील संशोधनाचा आणि आपल्या बांधाचा फार जवळचा संबंध येतो. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने असा सिद्धांत मांडला की, सामाईक मालकीची वस्तू शेवटी उद्ध्वस्तच होते. कारण प्रत्येकजण आपला लाभ पाहतो आणि नुकसान मात्र सर्वांच्या माथी जाते. हा सिद्धांत अनेक वर्षे वेदवाक्यासारखा मानला गेला. एलिनॉर ओस्ट्रॉम या विदुषीने स्वित्झर्लंडमधील डोंगरकुरणे, स्पेनमधील वालेंसियाचे पाट, फिलिपाइन्समधील शेतकऱ्यांचे पाणीसंघ अशी शतकानुशतके टिकलेली उदाहरणे तपासली आणि १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, माणसे सामाईक धन सांभाळू शकतात. मात्र त्यासाठी वापर कोणी करायचा हे ठरलेले हवे, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले हवेत, देखरेख हवी, आणि नियम मोडणाऱ्याला आधी लहान व मग मोठा दंड हवा. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या विषयात ते मिळविणारी ती पहिली स्त्री. त्यांचे सिद्धांत वाचताना गोमंतकीय वाचकाला गावकरीचा कारभार आठवल्यावाचून राहत नाही.

परंतु गावकरीचे गोडवे गाऊन थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. जोण मिळे ती गावकर घराण्यांतील पुरुषांना. चिखलात कंबरेपर्यंत उतरून बांध घालणाऱ्या कष्टकऱ्याला त्या वाटणीत जागा नव्हती. म्हणून मुक्तीनंतर १९६४ साली कूळकायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कुळे जमिनीची मालक मानली गेली, हे न्यायाचेच झाले. अडचण उद्भवली ती निराळीच. हक्क व्यक्तीकडे गेला, पण बांध काही तुकड्यातुकड्यांनी राखता येत नाही. १९७५ च्या नियमांन्वये कुळांचे संघ स्थापन करून बांधांची संयुक्त जबाबदारी त्यांच्यावर सोपविण्यात आली. काही गावांतून हे संघ उत्तम चालले. अनेक गावांतून ते मानशीच्या मासळीचा लिलाव करण्यापुरतेच उरले. मासळीचा पैसा रोख, झटपट आणि भातापेक्षा अधिक. साहजिकच लिलाव घेणाऱ्याला भरतीच्या वेळीही दारे उघडी हवी असतात. जितके खारे पाणी आत, तितकी मासळी अधिक. वेगाने आत-बाहेर करणाऱ्या पाण्याने मानशीचा पाया खचतो, बांध फुटतो आणि शेत खारावते. मग तिथे खारफुटी उगवते. खारफुटी तोडण्यास कायद्याने मनाई, आणि ती योग्यही आहे. पण त्यामुळे ते शेत पुन्हा शेत होण्याची वाट जवळजवळ बंद होते. डॉ. संगीता सोनक यांनी खाजनांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २०१४ साली प्रसिद्ध झाला आहे; वरच्या वर्गांतील ज्या विद्यार्थ्यांना इंग्रजी वाचनाची सवय आहे, त्यांनी तो अवश्य मिळवून वाचावा.

बांधावर दुसरा आघात खाणींचा. खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या लाटांनी नदीकाठ झिजले आणि खाणींवरून वाहून आलेला गाळ शेतांत साचला. २०१२ साली खाणी बंद पडल्या. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्खननाला वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विकलेल्या लोहखनिजाच्या किमतीतून दहा टक्के रक्कम बाजूस काढून एक कायम निधी उभारावा, असा आदेश दिला. पुढे २०१८ मध्ये खाणपट्ट्यांचे नूतनीकरणही रद्द झाले. या घडामोडींत कायम निधीची कल्पना मला सर्वांत मोलाची वाटते. डोंगरातले खनिज एकदाच विकता येते. ते विकून आलेला पैसा म्हणजे मिळकत नव्हे, मुद्दल होय. आणि मुद्दल खाऊन घर चालविणाऱ्याला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगायला नको. ब्रुंटलँड अहवालातील पुढच्या पिढ्यांची चिंता हीच. न्यायालयाने ती टक्केवारीत सांगितली, इतकेच.

आता पर्यटन. १९८० साली रिचर्ड बटलर या भूगोलतज्ज्ञाने पर्यटनस्थळाच्या आयुष्याचा आलेख मांडला. प्रथम थोडे हिंडफिरे येतात. मग गावकरी त्यांना खोल्या देऊ लागतात. मग बाहेरचे भांडवल येते. संख्या वाढत वाढत कुंठित होते. आणि पुढे एकतर ऱ्हास, नाहीतर पुनरुज्जीवन. हणजुणे आणि कळंगुट येथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेले लांब केसांचे परदेशी, घराच्या ओसरीवर थाटलेली खानावळ, १९८७ च्या सुमारास सुरू झालेली चार्टर विमाने, आणि त्यानंतरची इमारतींची रांग. जणू बटलरने आपला आलेख आमच्या किनाऱ्यावर बसूनच काढला असावा! २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या पंधरा लाखांच्या आत होती. वर्षाकाठी येणाऱ्या पाहुण्यांची संख्या याच्या कितीतरी पट आहे. पाहुण्यांना माझा विरोध नाही. अनेक घरांत चूल पेटते ती या धंद्यावर, आणि आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण त्यातच आहेत. माझा प्रश्न हिशेबाचा आहे.

जाहिरातीत जो हिरवागार गोवा दाखवितात, त्यातील कितीतरी हिरवळ ही खाजनाची भातशेती असते. दिवाडीची फेरी ओलांडून पाहुणा येतो, बांधावर उभा राहून छायाचित्र काढतो, परत जाऊन खोलीचे भाडे आणि जेवणाचे पैसे देतो. त्या पैशातील काय बांधावर माती टाकणाऱ्याच्या हाती पडते? शेत पडीक राहिले की त्यावर भराव पडतो, भरावावर इमारत येते, आणि पावसाचे पाणी जिरायला जागा न उरल्याने ते शेजाऱ्याच्या अंगणात शिरते. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत खाजन जमिनीचे रक्षण करावे, तिची व्यवस्थापन योजना आखावी व तिथे विकासकामास परवानगी देऊ नये, असा गोव्यासाठी स्वतंत्र उल्लेख होता. मनाईने भराव थांबेल. पण नुसत्या मनाईने बांध उभा राहत नाही. त्याला दरवर्षी माती आणि मजुरी लागते. माझे मत असे की, पाहुण्यांकडून जो कर घेतला जातो त्याचा ठरावीक भाग, कायम निधीच्या धर्तीवर, गावोगावच्या बांधांसाठी वेगळा काढावा. आणि तो खर्च करण्याचा अधिकार गावातच ठेवावा. या वाटणीत गावकर, कूळ आणि शेतमजूर या तिघांचेही माणूस बसले पाहिजे.

यंत्रे आणि तंत्रज्ञान यांच्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याविषयी उत्साह मुळातच पुष्कळ आहे. उपग्रहाच्या चित्रावरून कोणते शेत खारावले हे आता कळू शकते, आणि ते चांगलेच आहे. परंतु १८६५ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाविषयी लिहिताना दाखविले होते की, इंजिने काटकसरी झाली म्हणून कोळसा कमी लागत नाही. स्वस्त पडल्यामुळे उलट अधिक वापरला जातो. पाणी वाचविणारे नळ बसविलेल्या हॉटेलाने मजले दुप्पट केले, तर वाचले काय? मानशीच्या जागी काँक्रीटचे दार बसविले, पण ते कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे ठरविणारा कोणी नसेल, तर त्याची गत जुन्या लाकडी दारासारखीच व्हायची.

आता आपल्या शाळेच्या कक्षेतील गोष्ट. खाजनावरील संशोधन बहुतांशी इंग्रजीत आहे. आपली पाठ्यपुस्तके मराठीत. आणि मानस, पोय, कोरगूट हे शब्द घरच्या कोकणीतले. संशोधक गावात येतो, म्हाताऱ्या शेतकऱ्याला दहा प्रश्न विचारतो आणि जातो. त्या उत्तरांतून काय निष्पन्न झाले हे त्या म्हाताऱ्याला बहुधा कधीच कळत नाही. प्रत्येक संशोधकाने आपल्या प्रबंधाचा दोन पानी सारांश मराठीत किंवा कोकणीत करून संबंधित पंचायतीला आणि शाळेला द्यावा, ही मागणी मला मुळीच अवाजवी वाटत नाही. माहिती ज्याच्याकडून घेतली त्याला ती परत करणे, ही साधी देवघेवीची रीत आहे.

पण विद्यार्थिमित्रांनो, तोवर आपण हात जोडून बसण्याचे कारण नाही. येत्या सुटीत प्रत्येकाने आपल्या गावातील एका मानशीची नोंद करावी. तिला किती दारे आहेत, ती शेवटची कधी बदलली, लिलाव कोणत्या महिन्यात होतो, बांधावर माती कोणी आणि कोणत्या पैशातून टाकली, लगतची किती शेते या पावसात लावली गेली आणि किती पडीक राहिली. ज्या वस्तूला घरी जो शब्द वापरतात तोच लिहावा. पुस्तकी शब्द शोधू नये. आजोबा-आजींना विचारून चाळीस वर्षांपूर्वीची स्थितीही शेजारच्या रकान्यात लिहावी. या नोंदींसाठी ग्रंथालयात एक जाड वही ठेवली जाईल, आणि पुढच्या वर्षी नववीत येणारा वर्ग त्याच मानशी पुन्हा पाहून पुढची पाने भरील.