कसूर पात्याची नव्हे

जुने यंत्र विकत घेताना माणूस बहुधा त्याच्या ताज्या रंगावर आणि मोटरच्या दमदार आवाजावर भाळतो, आणि पुढे तेच यंत्र थरथरू लागले, लाकूड जाळू लागले किंवा आखलेली रेघ सोडून भलतीकडे कापू लागले, की सारा दोष बिचाऱ्या पात्याच्या माथी मारून मोकळा होतो. आमच्या गोंदिया जिल्ह्यात सालेकशापासून अर्जुनी मोरगावपर्यंत सुतारकामाच्या शेडमध्ये आता हातकरवत खुंटीला गेली असून टेबल सॉ आला आहे; आणि तो पुष्कळदा दुसऱ्याच्या, क्वचित तिसऱ्याच्याही हातून उतरून आलेला असतो. अशा यंत्राच्या दुखण्याची तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे ज्ञान मात्र त्या सौद्यात हस्तांतरित होत नाही.

गोरेगाव तालुक्यातील अशाच एका पत्र्याच्या शेडमध्ये हा प्रकार जवळून पाहण्याचा योग आला. शेडचा मालक, तरुण सुतार, वैतागून म्हणत होता, "पातं नवं टाकलं तरी थरथर जात नाही गा, काका. काहून?" भातगिरणीत आयुष्य घालविलेल्या वयस्क मिस्त्रीने उत्तर दिले नाही, "प्लग काढ, आन् पट्टा उतरव पहिले," एवढेच तो म्हणाला. पट्टा उतरवून मोटर एकटीच चालविली, तेव्हा ती शांत फिरली; म्हणजे मोटर दोषमुक्त झाली. पुन्हा प्लग काढून त्याने पाते धरले आणि पुढे-मागे हलविले, तर शाफ्टसकट ते सूक्ष्मसे डुलले. शाफ्ट हाताने फिरविला, तर आत वाळू भरल्यासारखी खरखर बोटांना लागली. बेअरिंग गेले होते. भुशाचा चिकट थर चिंधीने पुसताच कड्यावर कोरलेला ६२०४ हा आकडा दिसला. ज्या गोंदिया शहराची बाजारपेठ भातगिरण्यांच्या पट्ट्या-पुल्यांवर पोसली आहे, तेथे या आकड्याचे बेअरिंग मिळण्यास अडचण ती कसली! खिळ्याला टांगलेले आणि निरुपयोगी ठरविलेले पाते मात्र वस्तुतः धडधाकट होते.

मिस्त्रीच्या त्या मौनात जी पद्धत होती, तिचाच मी येथे पुरस्कार करीत आहे: आधी शक्तीचा उगम, मग पट्टा, मग शाफ्ट, आणि पाते सर्वांत शेवटी. महिनोन् महिने बंद राहिलेल्या यंत्राचा पट्टा पुलीवर ताणलेल्या अवस्थेतच आखडतो आणि प्रत्येक फेऱ्यात धक्का देतो. दोन पुल्या एका रेषेत नसतील, तर तो कडेने झिजतो, आणि ही रेषा तपासण्यास एक सरळ पट्टी पुरते. पाते ज्या चकत्यांमध्ये आवळले जाते, त्यांच्यावर राळेचा एखादा खडा वाळून बसला, तरी दहा इंची पाते दातांपाशी दिसण्याइतके हेलकावते. उंचीचे चाक जड झाले, की लोक त्यात सढळ हाताने ग्रीस भरतात आणि ते ग्रीस भुसा धरून ठेवते. तेथे दाते ब्रशने साफ करून कोरडे मेण लावणे हाच योग्य इलाज होय.

लाकडावरील जळाल्याच्या डागांची कैफियत तर वाचण्याजोगी असते. डाग कापाच्या एकाच बाजूस असतील, तर संशय फेन्सवर, म्हणजे लाकूड टेकवून सरकविण्याच्या पट्टीवर, घ्यावा, कारण ती पात्याशी समांतर राहिलेली नसते. दोन्ही बाजूंस असतील, तर पाते बोथट असावे किंवा लाकूड ओले. एका दातावर खडूची खूण करून, तोच दात पुढे आणि मागे नेऊन टेबलाच्या खाचेपासून अंतर मोजले, की समांतरतेचा निकाल लागतो. आमच्या सागवानात सिलिका असते, आणि साधे पोलादी दात तिच्यापुढे लवकर हार खातात, हेही ध्यानात ठेवावे. पात्यावर अन्याय नको, तसा पक्षपातही नको.

पण ज्या दोषाचा आवाज येत नाही, तो सर्वांत भयंकर. पात्यामागे उभी असणारी पोलादी पट्टी, रायव्हिंग नाइफ, कापलेल्या फटीला मिटू देत नाही. ती नसली, की फट पात्याला चिमटते आणि मागचे दात फळी उचलून कामगाराच्या अंगावर भिरकावतात. २५० मिलिमीटरचे पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दाताचा वेग ताशी सुमारे १८८ किलोमीटर भरतो! अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी १९९९ मध्ये बोटाचा स्पर्श होताच पाते क्षणार्धात थांबविणारी योजना शोधून काढली. ती आमच्या सुताराच्या ऐपतीबाहेरची आहे. ही साधी पट्टी मात्र आवाक्यातली असूनही जुन्या यंत्रांत हमखास गहाळ असते, कारण कोण्या पूर्वीच्या मालकाने ती अडचण समजून काढलेली असते. कायद्याचा आधार घ्यावा, तर १९४८ च्या केंद्रीय कारखाने कायद्याने विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांची मर्यादा घातली होती आणि नव्या श्रमसंहितेने ती वीसवर नेली. बाप आणि दोन मुलगे मिळून चालविलेली शेड या दोहोंच्याही खाली राहते.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुताराला अवजारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य, प्राथमिक प्रशिक्षण आणि अल्प व्याजाचे कर्ज यांची तजवीज आहे, ती स्तुत्यच. त्या प्रशिक्षणातील एक दिवस जुन्या यंत्राच्या परीक्षेस द्यावा, आणि तालुक्यातालुक्यातील आयटीआयने पावसाळा संपताच, म्हणजे ओतीव लोखंडाच्या टेबलांवर गंज चढलेला असतो अशा वेळी, वर्षातून एकदा तपासणीचे शिबिर भरवावे, अशी माझी सूचना आहे. विक्रीच्या पावतीवर रायव्हिंग नाइफ आणि पात्यावरील झाकण यांचा उल्लेख असावा. यामुळे जुन्या यंत्रांचा भाव चढेल, असा आक्षेप विक्रेते घेतील. तो चढेल तेवढा चढू द्यावा, कारण आज ती रक्कम ग्राहकच पुढे पाते बदलण्यात आणि क्वचित दवाखान्यात भरीत आहे. आणि पट्टा उतरवून मोटर एकटी चालवून दाखविण्यास ज्या विक्रेत्याची हरकत असेल, त्याच्याशी चाललेला सौदा तेथेच तहकूब करावा.