गाठ निघाली, गोळ्या थांबवू नका

मेंदूची शस्त्रक्रिया होऊन मूल घरी आले की भेटायला येणारे हमखास विचारतात, ‘ऑपरेशन झाले ना, मग आता गोळ्या कशाला?’ क्रॅनिओफॅरिंजिओमा या गाठीच्या बाबतीत हा साधा प्रश्न जिवावर बेतू शकतो. ही गाठ कर्करोगाची नसते आणि बहुसंख्य मुले तिच्यातून वाचतात. पण तिची जागा वाईट. खाली वाटाण्याएवढी पियुषिका, म्हणजे पिट्युटरी ग्रंथी, लगतच दृष्टीच्या नसा आणि वर भूक, तहान, झोप सांभाळणारा हायपोथॅलॅमस. गाठीमुळे किंवा उपचारांमुळे यांना झालेली इजा बहुतेकदा कायमची असते.

पियुषिका थंडावली की उंची, थायरॉइड, वयात येणे, सगळेच अडते. त्यातही जीव जातो तो कॉर्टिसॉलच्या अभावाने. म्हणून हायड्रोकॉर्टिसोनची गोळी रोज घ्यावीच लागते. ‘स्टेरॉइड वाईट’ हे ऐकून ती बंद करणारी कुटुंबे आहेत. शरीर जे स्वतः बनवते तेवढेच ही गोळी भरून काढते, हे त्यांना कोणी नीट समजावलेले नसते. निरोगी माणसाचे शरीर तापात कॉर्टिसॉल आपणहून वाढवते. या मुलांना डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनच हवे. नाहीतर रक्तदाब आणि साखर उतरून मूल काही तासांत बेशुद्ध पडू शकते.

दुसरी अडचण पाण्याची. लघवी रोखणारे संप्रेरक नसल्याने मूल सतत लघवीला जाते, सतत पाणी मागते. विरारहून परळला तपासणीला जायचे तर दीड तासाच्या लोकलमध्ये शौचालय नाही. वर्गात बाई वारंवार सोडत नाहीत. या आजाराचे जुने नाव डायबेटिस इन्सिपिडस. साखरेशी त्याचा काही संबंध नाही, तरी नावामुळे घोटाळा होतो. २००९ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात असाच २२ वर्षांचा तरुण डेस्मोप्रेसिन न मिळाल्याने पाण्यावाचून गेला. त्याने पाण्यासाठी पोलिसांना फोनही केला होता. नावातला हा धोका ओळखून तज्ज्ञांनी २०२२ मध्ये आजाराचे नावच बदलण्याचा प्रस्ताव मांडला.

आणि वजन. हायपोथॅलॅमसला धक्का बसलेल्या मुलाला पोट भरल्याचा निरोपच मिळत नाही. निम्म्याच्या आसपास मुले स्थूल होतात. घरात त्याला खादाड, आळशी म्हटले जाते, फ्रीजला कुलूप लागते. आहारावर लक्ष हवेच, पण दोष मुलाचा नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे मोठ्या शस्त्रक्रिया गरिबांच्या आवाक्यात आल्या, हे मोठेच काम. पुढची वर्षानुवर्षांची औषधे मात्र बहुतेक घरांना खिशातूनच आणावी लागतात. बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांच्या पाठपुराव्यासाठी टाटा रुग्णालयाने १९९१ मध्ये स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. या मुलांनाही तशीच, मोठेपणीही न सुटणारी सोय हवी.

तोवर जबाबदारी आपल्यावर, म्हणजे वसई-विरार आणि पालघरच्या डॉक्टरांवर येते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी भरून विरारच्या गाड्या बंद पडल्या होत्या. अशा दिवशी तापाने फणफणलेले हे मूल मुंबईला पोहोचणार कसे? त्याला लागणारे हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन महाग नाही, दुर्मीळही नाही. दम्यासाठी आपण ते रोज वापरतो. समोरच्या मुलाला ते हवे आहे, एवढेच ड्युटीवरच्या डॉक्टरला ठाऊक नसते. त्यासाठी प्रत्येक रुग्णालयाने डिस्चार्जच्या वेळी मराठीत एक कार्ड द्यावे: आजाराचे नाव, रोजच्या गोळ्या, तापातला डोस, उलट्या झाल्यास द्यायचे इंजेक्शन. एक प्रत दप्तरात, एक वर्गशिक्षकांकडे, एक घराजवळच्या दवाखान्यात.